भानुदासची पाटी, माझं व्याकरण

भानुदास गेल्याचा फोन आला तेव्हा मी कुणाच्या तरी लग्नपत्रिकेतलं शुद्धलेखन तपासत होतो. निवृत्त मराठी शिक्षकाला बारामतीत कामाची टंचाई नसते. पत्रिका, स्मरणिका, अभिनंदनाचे फलक... ज्याला ऱ्हस्व-दीर्घाची धास्ती, तो माझ्या दारात. फोनवर भानुदासचा कन्हेरीचा पुतण्या होता. "सर, काका गेलं. सकाळी च्या पिऊन खुर्चीत बसलं, ते बसलंच." मी काय बोललो ते आठवत नाही. पण मनात पहिल्यांदा काय आलं ते पक्कं आठवतं, आणि ते इथे सांगतो, कारण भानुदासबद्दल लिहायचं आणि त्यात झाकपाक करायची हे त्याला चाललं नसतं. मनात आलं, चिठ्ठी द्यायची राहिली. चार ओळींची चिठ्ठी होती. त्यात माझं चुकलं एवढंच मला लिहायचं होतं. सहा महिने तो ती मागत होता आणि सहा महिने मी 'बघू, बघू' करत होतो.

भानुदास पाटबंधारे खात्यात कारकून होता. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे डाव्या पायात लोखंडी पट्ट्यांचं कॅलिपर, काखेत कुबडी. शेतकरी कालव्याच्या पाण्याचे अर्ज घेऊन त्याच्या टेबलाशी यायचे, आणि अर्जाचं काम उरकलं की हा त्यांना विचारायचा, "घरात माळ्यावर काय पडलंय? टाकून द्यायचं असंल तर मला द्या." लोकांना वाटायचं, भंगाराचा नाद आहे. पण तो भांडी मागत नव्हता. इंदापूरच्या स्टँडवर शेंगा विकणाऱ्या, दोन्ही पाय नसलेल्या एका माणसाचा बेअरिंगच्या चाकांचा गाडा त्याने मिळवला होता. एका दर्ग्यातला मुका मुजावर जी घंटा वाजवून लोकांना उदीसाठी बोलवायचा, ती घंटा होती. एका आंधळ्या भजनी बुवांची काठी होती, मूठ झिजून गुळगुळीत झालेली. कन्हेरीत त्याच्या घराला लागून एक खोली होती, ती या वस्तूंनी भरली. लग्न त्याने केलं नाही. का केलं नाही, हे मी चाळीस वर्षांच्या मैत्रीत एकदाही विचारलं नाही, आणि याला मी सभ्यपणा समजत आलो.

प्रत्येक वस्तूला तो चिठ्ठी लावायचा. पाणी मागणीच्या जुन्या फॉर्मच्या कोऱ्या पाठीवर, बारीक अक्षरात, तीन ओळी. वस्तू कुणाची, त्या माणसाला लोक काय म्हणायचे, आणि तो माणूस स्वतःला काय म्हणायचा. मी म्हटलं, "अरे, काळ लिही, साहित्य लिही, मापं लिही. वस्तुसंग्रहालयात अशी नोंद असते." तो हसला. "मापं टेप लावली की कळत्यात, सर. तिसरी ओळ इचारल्याबिगर कळत न्हाय. आन मान्साला कुणी इचारतच न्हाय." स्वतःच्या लहानपणीच्या कॅलिपरला त्याने लावलेली चिठ्ठी मला तोंडपाठ आहे. 'हे कॅलिपर भानुदासचं. शाळेत त्याला लंगड्या म्हणायचे, त्यात मास्तरही होते. तो स्वतःला भानुदास म्हणायचा.' मी मास्तर, मला ते टोचलं. टोचावं म्हणूनच लिहिलं होतं.

त्याच्या संग्रहात सगळ्यात मोलाची वस्तू होती हौसाबाईची परडी. निरवांगीच्या या हौसाबाई देवीच्या जोगतीण. लुगडं, चोळी, कपाळभर मळवट, हातात परडी, म्हणजे देवीच्या नावाने जोगवा मागायची वेताची टोपली. जन्म मुलाचा, नाव हणमंत. वयात येता येता केसांत जट झाली, घरच्यांनी देवीला वाहिलं, आणि तेव्हापासून हणमंत नाव गावाने टाकून दिलं. मंगळवार-शुक्रवार त्या गावोगाव पायी फिरायच्या, लोक दारात आल्यावर पाया पडायचे आणि पाठ फिरली की फिदीफिदी हसायचे. त्या गेल्यावर परडी भावाच्या मुलीकडे, सोनाबाईकडे राहिली. भानुदास सात वेळा निरवांगीला गेला तेव्हा तिने ती दिली, आणि देताना एकच अट घातली. "दादा, आत्या जशी व्हती तशी लिवा. मेल्यावर तिला बाप्या करू नगा." भानुदासने शब्द दिला. त्याला मी एकदा विचारलं होतं की या जोगतिणीशी तुझा काय संबंध. तो म्हणाला, "माझा पाय आन तिचं लुगडं, दोन्ही बघून लोक हसायचं. एवढा संबंध बास हाय."

बारामतीतल्या एका शिक्षणसंस्थेने वारसा दालन काढायचं ठरवलं तेव्हा त्याचा संग्रह मीच सुचवला. संस्थेचं नाव घेत नाही. चुकीचा मोठा वाटा माझाच आहे, आणि तो मला वाटून घ्यायचा नाही. भानुदास आधी तयार नव्हता. "तितं काचंत ठिवतील आन तोंड बंद करतील," म्हणाला. मी त्याला तीन आठवडे पटवलं. सांगितलं की तुझ्यामागे या खोलीला कोण विचारणार, पुतण्या उद्या इथे पेंड ठेवेल. हे त्याला लागलं. त्याने सगळं दिलं, चिठ्ठ्यांसकट, आणि चिठ्ठ्यांवरून मोठ्या पाट्या करायच्या ठरल्या. मजकूर तपासायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. अर्थातच! गावात दुसरा कोण होता एवढा मोठा वैयाकरणी?

भानुदासने लिहिलं होतं, 'ही परडी हौसाबाई जोगतिणीची. ती निरवांगीपासून इंदापूरपर्यंत पायी फिरायची. लोक तिला समोर मावशी म्हणायचे, मागे काय म्हणायचे ते लिहीत नाही. ती स्वतःला देवीची बाई म्हणायची.' खाली, 'परडी देणार, भाची सोनाबाई.' मी लाल पेन घेतलं. शब्दकोशात पाहिलं, जोगता पुल्लिंगी, जोगतीण स्त्रीलिंगी. व्यक्ती जन्माने पुरुष, म्हणून जोगता. कर्ता पुल्लिंगी झाला की क्रियापद मागोमाग जातं. 'ती'चं 'तो' केलं, 'फिरायची'चं 'फिरायचा' केलं. देवीची बाई काढून 'देवीचा भक्त' केलं. इतकंच नाही. सोनाबाई भावाची मुलगी. हणमंत तिचा चुलता, म्हणजे ती पुतणी झाली, भाची कशी? भाची व्हायला तो आत्या असायला हवा. माझ्या डोळ्यांसमोर उत्तर लिहिलेलं होतं. भानुदासने एका नात्याच्या शब्दात सगळं सांगून ठेवलं होतं, की त्या घरात ती आत्याच होती, कुणी तिला चुलता म्हटलंच नाही. आणि मी ते चूक म्हणून खोडलं, समासात 'नाते तपासा' असं लिहिलं, आणि स्वतःवर खूश झालो. कॅलिपरची चिठ्ठीही मी सोडली नाही. तिथे आली 'दिव्यांग विद्यार्थ्याचे साहाय्यक उपकरण'. त्यातून मास्तर गेले, लंगड्या गेला, भानुदासही गेला.

उद्घाटनाच्या दिवशी गर्दी ओसरल्यावर तो परडीच्या पाटीपुढे कुबडीवर भार टाकून उभा होता. मी शेजारी गेलो, कौतुकाची वाट बघत... हो, कौतुकाची. त्याने पाटी दोनदा वाचली. मग शांतपणे म्हणाला, "सर, एक काना दिलात आन बाई मारलीत." मला पटकन कळलंच नाही. त्याने बोट दाखवलं तेव्हा मी व्याकरण सांगू लागलो. नोंद वस्तुनिष्ठ असावी लागते, आपल्या भावना मध्ये आणून चालत नाही, वगैरे. तो ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "बदलून घ्या. सोनाबाईला शबुद दिलाय मी." मी म्हणालो, बघू. तो माझा पहिला 'बघू'.

तो स्वतः अध्यक्षांकडे गेला. विषय समितीच्या बैठकीत आला. अध्यक्षांना मुळातच ती परडी नको होती. शाळेच्या सहली येतात, पोरं नको ते विचारतील, ही त्यांची काळजी. तरी ते सरळ नाही म्हणाले नाहीत. माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "सर, तुम्ही सांगा. व्याकरणाच्या दृष्टीने बरोबर काय?" भानुदास समोर बसला होता. मला फक्त एवढं म्हणायचं होतं की जी स्वतःला बाई म्हणायची तिला बाई म्हणणं बरोबर. मला ते तोपर्यंत कळलंही होतं, त्या भाची शब्दावरून, घरी जाऊन पुन्हा कागद काढल्यावर. पण चारचौघांत आपलीच दुरुस्ती मागे घ्यायची म्हणजे... चाळीस वर्षं लोकांच्या चुका काढल्या, त्यांच्यादेखत स्वतःची चूक कबूल करायला जीभ उचलली नाही. मी म्हणालो, "व्याकरणाच्या दृष्टीने पाटी बरोबर आहे." विषय संपला. भानुदास उठला, कॅलिपरची कडी लावली आणि निघून गेला. जिन्यावर त्याला हात द्यायला मी उठलो नाही.

त्यानंतर गुरुवारच्या बाजाराला आला की माझ्याकडे चहाला येणं त्याने बंद केलं. फोन मात्र करायचा. भांडायचा नाही, यानेच जास्त त्रास व्हायचा. "सर, तुमी फकस्त चिठ्ठी द्या, लिवताना चुकलं म्हणून. पाटी मी माझ्या खर्चानं करून घेतो." शेवटचा फोन तो गेला त्याच्या आठ दिवस आधीचा. म्हणाला, "सोनाबाई इचारती, पाटी बगायला कवा येऊ. मी तिला आज या, उद्या या करतोय. मला खोटं बोलता येत न्हाय, सर. तुमाला येतं व्हय?" मी हसण्यावारी नेलं.

संस्थेने शोकसभा घेतली. हार घातलेला फोटो कमरेच्या वर कापलेला होता, कुबडी दिसू नये म्हणून. वक्त्यामागून वक्ता 'अपंगत्वावर मात करून' म्हणत होता. हा वाक्प्रचार त्याच्यासमोर कुणी वापरला की तो म्हणायचा, "मात कुणावर? पाय माझाच हाय, वैरी न्हाय." माझं नाव पुकारलं तेव्हा हेच सांगायचं ठरवून मी उठलो, आणि दोन मिनिटं त्याच्या हस्ताक्षराची स्तुती करून खाली बसलो. काही माणसं एकदाच कच खात नाहीत, त्यांना सवय असते. मी त्यातला आहे, हे मला या वयात कळलं.

दुसऱ्या दिवशी चिठ्ठी लिहिली. चार ओळी नव्हे, दोन पानं झाली. अध्यक्षांनी ती वाचली, घडी घातली आणि फार प्रेमाने म्हणाले, "सर, पण तुम्हीच तर बरोबर म्हणाला होता. इतिवृत्तात आहे तसं." त्यांनी वही काढून दाखवली. माझंच वाक्य, माझ्याच सहीखाली, एकही चूक नसलेलं. "आता भानुदासरावही नाहीत," ते म्हणाले. "कुणाची हरकत उरलीय का? मग कशाला उकरायचं?" मी म्हणालो, माझी आहे. त्यांनी चहा मागवला.

मागच्या गुरुवारी दुपारी मी दालनात होतो. हल्ली जातो, कशाला ते मलाही नीट सांगता येत नाही. पायऱ्या चढून एक म्हातारी आली, नऊवारी, हातात बाजाराची पिशवी. पहारेकऱ्याला विचारत होती, "हौसाबाईची परडी कुठं हाय?" ती सोनाबाई होती. निरवांगीहून एसटीने आली होती. भानुदास गेल्याचं तिला कळलं होतं, म्हणून कुणी बोलवायची वाट न बघता निघाली. काचेपुढे उभी राहून तिने पदर सावरला, परडीला हात जोडले. मग माझा चष्मा आणि पांढरे केस बघून म्हणाली, "सर हाय न्हवं तुमी? मला वाचाय येत न्हाय. काय लिवलंय तेवढं वाचून दावा की."

मी पाटीकडे पाहिलं. सांगून टाकावं, पाय धरावेत, असं सगळं एका क्षणात येऊन गेलं. मग मी वाचलं. "ही परडी हौसाबाई जोगतिणीची. ती निरवांगीपासून इंदापूरपर्यंत पायी फिरायची. ती स्वतःला देवीची बाई म्हणायची. परडी देणार, भाची सोनाबाई." पाटीवर नसलेलं एकेक अक्षर मी खणखणीत वाचलं, वर्गात वाचायचो तसं. सोनाबाईच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"'ती' कुठं लिवलीया?" तिने विचारलं. "बोट ठिवा माझं तितं."

मी तिचं बोट धरलं आणि 'तो'वर ठेवलं. तिने त्या अक्षरावरून बोट फिरवलं, एकदा, दोनदा, आणि मग ते कपाळाला लावलं.

"पाळला बया दादानी शबुद," ती म्हणाली.

मी हो म्हणालो.