रोजची ज्योत

फेब्रुवारी १९८६, शनिवार सकाळ. मुलुंडचा आमचा कारखाना. हजर: फोरमन, प्लाझ्मा टॉर्च (प्रचंड तापलेल्या ज्योतीने धातू वितळवून फवारणारं यंत्र) चालवणारा सावंत, स्टोअर सांभाळणारी मी आणि मोजमापासाठी बाहेरून आलेल्या एक बाई. त्यांचं नाव विचारायचं राहून गेलं.

पंपाच्या दांड्यांवर टॉर्चने चढवलेला धातूचा थर सारखा सुटत होता. फोरमनच्या मते दोष सावंतच्या हाताचा. सोमवारपासून त्याला घरी बसवायचं ठरलं होतं.

बाईंनी बांगड्या उतरवून खिडकीच्या कडीला अडकवल्या. त्या ज्योतीत कुठलाच थर्मामीटर टिकत नाही, म्हणून त्या भिंगातून तिच्या उजेडाचे रंग मोजून तापमान काढत. आकडे त्यांनी आधी मांडलेल्या गणिताशी जुळले.

"बघा, ज्योत ठीक आहे," फोरमन म्हणाला. "वाट लावतोय तो हाच."

बाई टॉर्चच्या तोंडापाशी, जिथून ज्योत निघते तिथे वाकल्या. "नोझल इतकं चकचकीत कसं?"

"तुम्ही येणार म्हणून काल नवीन लावलं ना, मॅडम," सावंत म्हणाला.

पाहुण्यांसाठी घर आवरावं, तशी आम्ही ज्योतही आवरून ठेवली होती.

"मला सणाची ज्योत नको," बाई म्हणाल्या. "रोजची दाखवा."

मी भंगारातून काल काढलेलं जुनं, झिजलेलं नोझल आणलं. ते लावताच ज्योत एका बाजूला कलली आणि आकडे घसरले.

"ह्यावर कुणीही काम केलं तरी थर सुटेल," बांगड्या चढवत बाई म्हणाल्या.

सावंत कामावर राहिला. नवी नोझलं मी वेळेवर मागवते. फोरमनने सावंतला 'चुकलं' म्हणायचं, तेवढं अजून बाकी आहे.