माणूस दाखवा, ताई

"मी मुळातच भित्री हो, काकू," असं ती ओळख करून दिल्यासारखं सांगायची आणि सांगताना गळ्यातली ओढणी दोन्ही हातांनी घट्ट धरायची. धायरीच्या आमच्या सोसायटीत ती तिसऱ्या मजल्यावर भाड्याने आली, तेव्हा पहिल्याच दिवशी तिने मला हे ऐकवलं. सोबत सात वर्षांची मुलगी. सामान इतकं थोडं, की छोटा टेम्पोही भरला नव्हता.

भित्री ती होतीच. लिफ्टमध्ये एकटी जायची नाही. कुकरची शिट्टी व्हायच्या बेतात आली की ही स्वयंपाकघराबाहेर. खालच्या लंगड्या कुत्र्याला शेंबडी पोरंही भीत नाहीत, त्याला ती "जातोस का रे जरा बाजूला?" असं विनवायची. आणि नोकरी कुठे, तर दातांच्या दवाखान्यात, बाहेरच्या टेबलावर. गाल धरून बसलेल्या पेशंटना म्हणायची, "अहो, माझ्याहून जास्त कोण घाबरणार? तरी मी रोज येते इथे." लोक हसायचे आणि आत जायचे.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आपण त्यांची थट्टा करतो आणि विसरून जातो.

एका दुपारी ती माझ्याकडे आली आणि पर्समधून घडी केलेला कागद काढून टेबलावर ठेवला. हात लागला तर भाजेल असा ठेवला. ते वॉरंट होतं, तिच्या नवऱ्याच्या नावाचं.

तेव्हा मला सगळं कळलं. नवऱ्याचा जमिनीच्या प्लॉटांचा धंदा, दाराशी नवी गाडी. आणि कोर्टात सांगितलं, मला काही कमाई नाही. कोर्टाने ते मानलं नाही. बायको-मुलीला दरमहा पोटगी द्यायचा हुकूम झाला. त्याने एकदाही दिली नाही. मग वॉरंट निघालं. ते दोनदा 'पत्त्यावर आढळून आला नाही' असा शेरा घेऊन परत आलं. तिसऱ्यांदा कोर्टाने ते तिच्याच हातात दिलं आणि चौकीतले हवालदार म्हणाले, "ताई, माणूस तुम्ही दाखवा. दाखवला की आम्ही ताब्यात घेतो."

"म्हणजे मला बोट दाखवायचंय, काकू. त्याच्याकडे." तिने कागद पुन्हा पर्समध्ये ठेवला. मग म्हणाली, "तुम्ही नुसत्या सोबत याल?"

मी हो म्हणाले. खरं सांगते, म्हणताना मलाही धडकी भरली होती.

खडकवासल्याच्या रस्त्यावर एका हॉटेलात तो रोज सकाळी नाश्त्याला बसतो, हे तिला ठाऊक होतं. आम्ही दोघी रिक्षाने गेलो, हवालदार मोटरसायकलवर मागून आले. रिक्षात तिने माझा हात धरला होता.

तो कोपऱ्यातल्या टेबलावर तीन मित्रांबरोबर बसला होता. मी मनात कोणी आडदांड माणूस रंगवला होता. हा पांढऱ्या शर्टातला, नीट भांग पाडलेला, गोड चेहऱ्याचा. तिने हात वर केला, पण बोट काही सुटेना. शेवटी अख्ख्या पंजानेच दाखवलं आणि ओठांतल्या ओठांत म्हणाली, "ते."

तो ओरडला नाही. उठून आधी मला नमस्कार केला. "या ना काकू, चहा घ्या." मग तिच्याकडे वळून, घरातलं काही विचारावं तसं विचारलं, "छोटीची शाळा अजून साडेबारालाच सुटते ना?"

एवढंच. हवालदारांना त्यात काही वावगं वाटलं नाही. आम्ही मात्र तिथून थेट शाळेत गेलो आणि मुलीला तासभर आधीच घरी आणलं.

दुपारी त्याला न्यायाधीशांपुढे उभं केलं. पैसे भरता का, असं विचारलं. तो शांतपणे म्हणाला, "महिनाभर आत बसेन, साहेब, पण हिला एक रुपया देणार नाही." तो महिनाभरासाठी येरवड्याच्या तुरुंगात गेला.

सोसायटीत बातमी पसरायला वेळ लागला नाही. पहिल्या मजल्यावरचे एक निवृत्त गृहस्थ तिला ऐकू जाईल असं बोलले, "वा! पोटगी मागायला गेली आणि नवऱ्याच्या दोन वेळच्या जेवणाची सोय सरकारकडे लावून आली." सासूचे रडत फोन येत. ती प्रत्येक फोन उचलायची, एक शब्द न बोलता पूर्ण ऐकून घ्यायची. मी म्हटलं, "कशाला उचलतेस?" तर म्हणाली, "नाही उचलला तर काय म्हणाल्या असत्या, याची जास्त भीती वाटते."

तो सुटायचा त्या दिवशी तिने रजा घेतली आणि मुलीला घेऊन सकाळपासून माझ्याकडे बसली. अकराच्या सुमारास बेल वाजली. आम्ही दोघी जागच्या हललो नाही. पुन्हा वाजली. बाहेरून आवाज आला, "गॅस!" आम्ही इतक्या हसलो, की सिलिंडरवाला बिचारा बावचळला. हसता हसता तिला रडू फुटलं.

तो आला चौथ्या दिवशी. दवाखान्यासमोरच्या टपरीवर दोन तास उभा राहिला. बोलला नाही, रस्ता ओलांडला नाही, चहा पीत नुसता तिच्याकडे बघत राहिला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तक्रार तरी काय करायची? माणूस चहा पितो म्हणून?

तिच्या वकीलबाईंनी सांगितलं, तुरुंगात बसल्याने देणं फिटत नाही. ते तसंच आहे, वर नवे महिने चढलेत. पुन्हा अर्ज करता येईल.

मी म्हटलं, "सोड आता. जीव महत्त्वाचा. मुलगी आहे पदरात." हे मी बोलले, याची आज लाज वाटते.

ती बराच वेळ ओढणीचं टोक पिळत राहिली. "काकू, आता सोडलं तर त्याला कळेल, की नुसतं समोर उभं राहिलं की काम होतं. मग तो जन्मभर उभा राहील."

या खेपेला ती मला न सांगता एकटीच गेली. अर्ज केला, वॉरंट घेतलं, माणूस दाखवला. थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी वेगळी शिक्षा होऊ शकते, हे त्याच्या वकिलाने त्याला बहुधा तेव्हा समजावलं असावं. त्याच दिवशी दुपारी त्याचा भाऊ सगळ्या थकबाकीचा डिमांड ड्राफ्ट घेऊन कोर्टात आला. टपरीवरचं उभं राहणं थांबलं.

मला वाटलं, संपलं. तिला तसं वाटलं नसावं. मुलीची परीक्षा झाल्यावर तिने दुसऱ्या गावी नोकरी धरली. गावाचं नाव ओठांवर आलं, तेव्हा मीच तिला थांबवलं. "मला सांगू नकोस गं. कोणी येऊन विचारलं तर मला खोटं बोलता येत नाही." ती वाकून पाया पडली. मुलीने टेम्पोतून हात केला.

घरमालक परगावी, म्हणून किल्ली माझ्याकडे होती. दोन दिवसांनी खिडक्या लावून घ्यायला मी वर गेले. घर झाडून लख्ख केलेलं. दार आतून लावायला वळले, आणि थबकले. दाराला मालकाची एक कडी होती. तिच्या वर-खाली तिने आणखी तीन ठोकून घेतल्या होत्या. सगळ्यात खालची माझ्या कमरेच्याही खाली होती. सात वर्षांच्या मुलीचा हात पोचेल, इतकी खाली.