तीनशेवा भाग आणि दारातल्या चपला

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. जिन्याखालची रद्दी साठते तसे ते साठत राहतात, आणि एखाद्या दिवशी कुणी सहज विचारलं, "तुम्ही म्हणे कार्टूनमध्ये होतात?" की सगळा गठ्ठा अंगावर येतो. गेल्या आठवड्यात भाचीनं विचारलं. मी नुकतीच ऑफिसातून आले होते, पाय दुखत होते, तरी तिच्यापुढे बराच वेळ बडबडत बसले.

आमचा स्टुडिओ येरवड्याला होता. पुण्यात तेव्हा जिकडेतिकडे काचेच्या बिल्डिंगा उभ्या राहत होत्या आणि भेटेल तो विचारायचा, "कुठल्या आयटी कंपनीत?" आम्ही आयटीत नव्हतो. परदेशातली एक विनोदी कार्टून मालिका वर्षानुवर्षं चालू होती. गोष्ट तिकडे लिहायचे, आवाज तिकडे द्यायचे, कोण कसा दिसतो तेही तिकडेच ठरलेलं. आम्ही त्या माणसांना चालवायचं, बोलतं करायचं, जिन्यावरून पाडायचं आणि त्यांच्या मागचं घर-अंगण रंगवायचं. मालिकेचं नाव मात्र सांगत नाही. न सांगण्याच्या कागदावर मी सही केलेली आहे, आणि शब्द मोडायलासुद्धा एक उत्साह लागतो.

मालिकेत टकलू बाप, त्याची बायको, तीन कार्टी आणि एक पाळलेलं बदक. आम्ही बापाला भाऊसाहेब म्हणायचो आणि बायकोला वहिनी. दिवसभर ज्यांची तोंडं बघायची त्यांना परक्या नावानं किती दिवस हाका मारणार? माझं काम म्हणजे तिकडच्या ग्रेग नावाच्या दिग्दर्शकाच्या इंग्रजी मेल वाचायच्या आणि आमच्या चित्रकारांना मराठीत समजावायच्या. मेल कितीही लांब असली तरी मराठीत तिचा अर्थ एकच निघायचा. परत करा.

*

एका भागात भाऊसाहेब गुडघ्यावर बसून वहिनींना विचारतात, "पुन्हा लग्न करशील माझ्याशी?" वहिनी मान हलवतात. एवढाच प्रसंग.

ग्रेगची मेल आली, 'हिची मान दुखते आहे का?'

आमच्या मालकांनी, बापट सरांनी, सगळ्यांना गोळा केलं. एकेकाला पुढे बोलावून म्हणाले, "मानेनं हो म्हणा." एकूण एक माणसानं मान डावी-उजवीकडे डोलावली, वर-खाली कुणाचीच गेली नाही. सर वैतागले. म्हणाले, "अहो, सरळ खाली-वर करायला काय होतं? सोपं आहे की नाही?" आणि स्वतःच मान डोलावत म्हणाले, "आहे ना."

वहिनींचं उत्तर शेवटी ग्रेगनं तोंडी ठेवलं.

*

भाऊसाहेबांच्या घरामागे पोहण्याचा तलाव होता. तो रंगवायचं काम सुधाकर काळोखेकडे. सुधाकर कसबा पेठेतला. त्याचे वडील, नाना, आयुष्यभर दुकानांच्या पाट्या रंगवत आलेले. ब्रश सुधाकरच्या हातात शाळेच्या पाटीआधी आला असावा. मागचं दृश्य रंगवण्यात त्याच्या जवळपास जाईल असा माणूस आमच्यात नव्हता, आणि त्याच्याइतकी दृश्यं परतही कुणाची येत नसत.

त्या उन्हाळ्यात खडकवासल्याचं पाणी खाली गेलं होतं आणि शहरात दिवसाआड पाणी येत होतं. सुधाकरनं तलाव सुरेख रंगवला आणि त्याच्या काठाला एक निळा ड्रम ठेवला. वर झाकण, झाकणावर उपडा मग.

ग्रेगनं विचारलं, 'हा ड्रम कशासाठी?'

मी सुधाकरला विचारलं. तो म्हणाला, "पाणी भरून ठेवायला."

"अरे, समोर अख्खा तलाव भरलाय."

"आज भरलाय हो. उद्या नाही आलं तर?"

हे उत्तर इंग्रजीत कसं कळवायचं यावर माझी सकाळ गेली. शेवटी 'काढून टाकतो' एवढंच कळवलं.

*

वानखडे अकोल्याचा. मालिकेतलं बदक त्याच्याकडे होतं, म्हणजे बदकाचं चालणं. मुलगी पाहायला गेला तेव्हा तिच्या वडिलांनी सरळ विचारलं, "आपण करता काय?"

"बदक चालवतो."

"किती चालवता?"

"दिवसभर राबलं की दोन-तीन सेकंद होतात."

ते सरकारी खात्यातून रिटायर झालेले गृहस्थ. त्यांनी मनातल्या मनात हिशेब केला. "म्हणजे महिनाभरात ते अंगणातून घरातसुद्धा पोचत नसेल?"

"दारापर्यंत येते जी."

मुलीचे वडील म्हणाले, "आमच्या खात्यात तुम्ही साहेब झाला असता."

लग्न ठरलं. वानखडे अजूनही सांगतो, "मले पोरगी त्या बदकानं देल्ली."

*

आता चपलांचं सांगते. याचा मला खरोखर कंटाळा आला होता.

भाऊसाहेबांच्या घराचं दार सुधाकरनं रंगवलं की दाराबाहेर चपला असायच्याच. दोन जोड, कधी चार, एखादा उलटा पडलेला. पहिल्यांदा ग्रेगनं काळजीनं विचारलं होतं, 'हे लोक घर सोडून पळून गेले आहेत का?' दुसऱ्यांदा नुसतंच लिहिलं, 'पादत्राणे काढा.' पुढे पुढे तर 'पा. का.' अशी आद्याक्षरंच येऊ लागली.

मी सुधाकरला म्हणायची, "अरे, ते लोक बूट घालूनच घरात वावरतात."

"गादीवरपण?"

"गादीवरपण."

तो खिन्न व्हायचा. चपला पुसायचा. दोन भागांनंतर नवीन दार, नव्या चपला. म्हणायचा, "मी नाही काढत हो. दार काढलं की हात आपोआप खाली जातो."

त्याचंही काय चुकत होतं? आमच्या स्टुडिओच्या दाराबाहेरही तेच चित्र होतं. कंप्युटरला धूळ चालत नाही म्हणून बापट सरांनी सगळ्यांना जोडे बाहेर काढायला लावले होते. सरांचे काळे बूट, वानखड्याचे पांढरे कॅनव्हासचे, माझी टाच झिजलेली सँडल, आणि सुधाकरची कोल्हापुरी. तिच्या उजव्या पायाचा अंगठा कधीचा तुटलेला. सुधाकरनं तिथं घराजवळच्या तांबटांकडची तांब्याची तार पिळून काम भागवलं होतं. चालताना ती तार चमकायची.

*

नाना मालिका नेमानं बघायचे. त्यांना गोष्टीशी देणंघेणं नव्हतं. ते शेवटची नावं बघायला बसायचे. इंग्रजी भाषा येत नव्हती, पण पाट्या रंगवून अक्षरं हाताखालून गेलेली. नावं संपली की ते सुधाकरला विचारायचे, "तुझं कुठाय?"

तिकडच्या बदकाला आवाज देणाऱ्याच्या ड्रायव्हरचंही नाव असायचं, आमच्यापैकी कुणाचं नसायचं. सगळ्या पुण्याच्या वाटणीला स्टुडिओच्या नावाची एक ओळ.

नानांनी रंगवलेल्या प्रत्येक पाटीच्या उजव्या कोपऱ्यात खाली त्यांची बारीक सही असे. मला एकदा स्टुडिओत येऊन म्हणाले, "बाई, हा इतकी वर्षं काम करतोय म्हणतो. सही नाही म्हणजे काम कुणाचं म्हणायचं?" सुधाकर तिथंच उभा होता. त्यानं ब्रश धुवायला घेतला आणि बराच वेळ धूत राहिला. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं.

म्हणून तीनशेवा भाग आला तेव्हा आमच्याकडे सण होता. बापट सर मीटिंग घेऊन म्हणाले, "या भागात पुण्याच्या प्रत्येकाचं नाव येणार. ग्रेगनं कबूल केलंय." नावं गोळा करायचं काम अर्थात माझ्यावर आलं. वानखडेनं विचारलं, "मुक्काम पोस्ट टाकता येते का जी?" सुधाकर म्हणाला, "मॅडम, माझं पूर्ण घाला. सुधाकर नारायण काळोखे." नारायण म्हणजे नाना. मग सगळ्यांनाच बापाचं नाव हवं झालं. ग्रेगनं लिहिलं, 'नावं जरा आखूड करता येतील का?' माझ्या सगळ्या नोकरीत त्याच एका मेलला मी 'नाही' असं उत्तर पाठवलं.

*

त्या भागाचा शेवट असा होता. सारं गाव भाऊसाहेबांकडे जेवायला येतं. आत हसण्याखिदळण्याचा आवाज, बाहेर नुसतं बंद दार आणि पायरीवर बसलेलं बदक. बस, एवढंच, पण चांगलं लांबलेलं दृश्य.

सुधाकरनं ते रंगवून माझ्याकडे आणलं. पायरीखाली चपलांचा हा ढीग. सरांचे काळे बूट, पांढरे कॅनव्हासचे, माझी झिजकी सँडल, सगळा स्टुडिओ तिथं होता.

मी म्हटलं, "सुधाकर, पा. का."

तो म्हणाला, "मॅडम, आख्खं गाव जेवायला आलंय. राहू द्या एवढ्या वेळी."

मी थकले होते. दृश्य तसंच पाठवून दिलं. ग्रेगची मेल आली त्यात या दृश्याबद्दल चकार शब्द नव्हता. विसरला, कंटाळला की तिकडे त्यानंच कुणाकडून पुसून घेतलं, कळायला मार्ग नव्हता.

*

तो भाग आपल्याकडे केबलवर दिसेपर्यंत पुष्कळ काळ गेला. मधल्या काळात मालिकेचं काम दुसऱ्या देशात गेलं, तिथं म्हणे आमच्यापेक्षा स्वस्तात होतं. स्टुडिओ अर्धा रिकामा झाला. वानखडे मोबाइलच्या गेम करणाऱ्या कंपनीत लागला होता. मी नोकरी शोधत होते. सुधाकर लग्नाच्या हॉलचे पडदे रंगवत होता. तरी बापट सरांनी सगळ्यांना फोन केले. "नानांकडे बसून बघू. त्यांना जिना उतरवत नाही आता."

कसबा पेठेत भांड्यांच्या दुकानावर काळोख्यांच्या दोन खोल्या. आम्ही दाराबाहेर जोडे काढले आणि दाटीवाटीनं बसलो. नाना टीव्हीच्या इतके जवळ बसले होते की गुडघे टेबलाला लागत होते. सुधाकर मात्र आत आलाच नाही, उंबरठ्याशी उभा राहिला. सुधाकरची बायको चहाचा ट्रे हातात धरून तशीच थांबली.

भाग सुरू झाला. भाऊसाहेब पडले, वहिनी रागावल्या, गाव जेवायला आलं. मग ते बंद दार, बदक, आणि पायरीखाली ढीग. कुणी पुसला नव्हता. वानखडे हळूच म्हणाला, "हाय ना बा."

दृश्य संपलं आणि नावं सुरू झाली.

नावं सुरू होताच चॅनेलनं ती दाबून कोपऱ्यात एका काडेपेटीएवढ्या चौकोनात सरकवली आणि बाकीच्या पडद्यावर एक माणूस नाचत पुढच्या कार्यक्रमाची जाहिरात करू लागला. चौकोनात मुंग्यांची रांग धावावी तशी पांढरी अक्षरं धावली. बापट सर उठून पडद्याला नाक लावून बघू लागले. संपलं. साबणाची जाहिरात लागली.

सुधाकरची बायको चहा देऊ लागली, तर कुणी कप घेईना. सुधाकर खाली बघत होता.

शेवटी बापट सरांनी घसा साफ केला. "नाना, नाव दिसलं का काही?"

"नाव कुठलं दिसतंय," नाना म्हणाले.

त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं सावकाश पुसला आणि परत लावला. मग उंबरठ्याकडे वळून म्हणाले, "सुधा, चपलेचा अंगठा शिवून घे म्हणून केव्हाचा सांगतोय तुला. बघितला ना आता सगळ्या जगानं?"