सफारी आणि सुतळी

चहा घ्या आधी. आमच्या ह्यांची प्रोफेसरकी मी स्वतःच्या हाताने कशी घालवायला निघाले होते, ते मग सांगते.

सफारी सुटांचे दिवस होते ते, ऐंशी सालानंतरचे. हे लॉ कॉलेजात दिवाळखोरीचा कायदा शिकवायचे. बिल्डिंगमधल्या बायकांनी विषय विचारला, की मी नुसतं "कायदा" म्हणायची. लक्ष्मीचं व्रत करणारीने तो शब्द उच्चारायचा तरी कसा? त्यात धंदा बुडालेली माणसं सल्ल्यासाठी आमच्या मुलुंडच्या घरी यायची.

अखेर प्रोफेसरची जागा निघाली. ज्यांच्या शब्दावर ती ठरणार, ते मोठे सर ह्यांचा प्रबंध बघायला घरी येणार होते. दिवस नेमका मार्गशीर्षातला गुरुवार! त्याच संध्याकाळी एक बुडालेले व्यापारीही यायचे होते. "कोणीही आलं तरी बसवून ठेव," असं सांगून हे सवाष्णींसाठी केळी आणायला गेले.

पहिले आले ते मोटारीतून. सफारी सूट, बोटांत अंगठ्या. त्यांना बाहेरच्या खोलीत खुर्ची आणि चांदीच्या वाटीत खीर.

दुसरे आले चालत. विटका सदरा, तुटलेल्या चपलेला सुतळी. त्यांना आत घटासमोर पाटावर बसवलं.

बाहेर सफारीवाल्यांना हात जोडले. "आमच्या ह्यांचं सगळं तुमच्या हातात आहे."

ते खिन्न हसले. "बाई, माझ्या हातात आता काहीच राहिलेलं नाही."

मोठ्या माणसाचा विनय बघा! मी आणखी खीर वाढली.

आत येऊन सुतळीवाल्यांना धीर म्हणून व्रताची कहाणी सांगितली. राजाचं राज्य कसं गेलं, राणीने व्रत केल्यावर कसं परत आलं. त्यांनी मन लावून ऐकलं आणि विचारलं, "राज्य गेलं तेव्हा राजाकडे ज्यांचं येणं होतं, त्यांचं काय झालं?"

बिचारे! डोक्यातून सावकार जाईनात.

"कहाणीत ते नाही हो," मी म्हटलं. "पण तुम्ही तोंड लपवू नका. जमेल तेवढं देऊन टाका, उरलेलं देवीवर सोडा आणि नव्याने सुरुवात करा." माझेच डोळे भरून आले.

तेवढ्यात हे आले, केळी खाली ठेवली आणि सुतळीवाल्यांच्या पाया पडले!

कहाणीतली देवीसुद्धा गरीब म्हातारीच्या वेशात येते, आणि राणी तिला ओळखत नाही. दर गुरुवारी वाचत होते की मी!

नंतर कळलं, सरांची चप्पल आमच्याच जिन्यात तुटली होती. सुतळी खालच्या वाण्याची. आणि व्यापाऱ्यांच्या मोटारीचा दुसऱ्या दिवशी लिलाव होता. त्यांना दोनदा खीर गेली, ह्याचं मात्र मला आजही वाईट वाटत नाही.

सर ह्यांना म्हणाले, "प्रबंध वाचेनच. सार वहिनींनी सांगितलंय."

जागा ह्यांना मिळाली. हल्ली कोणी विषय विचारला, तर मी "दिवाळखोरी" असं ठणकावून सांगते.

पण त्या संध्याकाळी सुतळीत पाय घालताना सर हळूच म्हणाले होते, "उरलेलं देवीवर सोडतो वहिनी. तेवढा चहा मिळेल का?"