भुकेल्या प्रेताचा गळा

"हा गळा कुणी सुजवला?"

कांबळे सर कापून झालेल्या प्लेटवर नाक टेकवून बघत होते. एका डोळ्याला भिंग, दुसरा डोळा मिटलेला. मी शेजारीच उभी. गळा मीच सुजवला होता.

कळंबोलीच्या लोखंड बाजारात एका वर्कशॉपमध्ये मी ड्राफ्ट्समन आहे. बाई असले तरी हुद्द्याचं नाव तेच. गिऱ्हाईक चित्र आणतं, मी ते कॉम्प्युटरवर कटिंगसाठी तयार करते. मग आमचं प्लाझ्मा मशीन, म्हणजे विजेच्या ज्वाळेने लोखंड कापणारं यंत्र, ते प्लेटमधून कापून काढतं. बाल्कनीच्या जाळ्या, बंगल्यांची गेटं, मोर, गणपती, सूर्य. बावीस वर्षं हेच चाललंय.

सर खांदा कॉलनीत राहतात. शाळेत ड्रॉइंग शिकवायचे, आता रिटायर्ड. कोन गावाजवळ एक ध्यानकेंद्र उभं राहतंय, त्याच्या गेटसाठी त्यांनी भवचक्र काढून आणलं होतं. मोठं चाक, त्यात सहा भाग. एकेक भाग म्हणजे मेल्यावर जिथे जन्म घ्यावा लागतो असा एकेक लोक: देव, असुर, माणूस, पशू, प्रेत आणि नरक.

"सर, पण तुमच्यात पुनर्जन्म मानत नाहीत ना?" मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. माझं तोंड असंच आहे.

"मी नाहीच मानत. केंद्राचे भन्ते मानतात, ते लडाखचे." सर हसले. "पण बाई, एकतीस वर्षं नोकरी केली. हे सहाही लोक मी स्टाफरूममध्ये बघितलेत."

असुरांच्या भागात एक झाड होतं. खोड असुरांच्या अंगणात, फळं मात्र वर देवांच्या हद्दीत. म्हणून त्यांचं कायमचं भांडण. आमचे शेठ बाळाराम हे इथल्याच गावचे, जमीनवाले. ते चित्र बघून मांडीवर थाप मारत म्हणाले, "अरे, ही तर आमच्या बांधावरची केस हाय! आमचा आंबा, खातो चुलता!"

अशी सगळी मजेत सुरुवात झाली, आणि मग मी घोळ घातला.

जाळीच्या कामात एक नियम असतो. कुठलाही भाग प्लेटच्या जाडीच्या दीडपटीपेक्षा बारीक ठेवायचा नाही. प्लेट सहा एमएमची असेल तर नऊ एमएम तरी हवेत. त्याहून बारीक ठेवलं तर ज्वाळेच्या उष्णतेने तो वाकतो, नाहीतर सरळ जळून जातो. सरांच्या प्रेताचं पोट घागरीएवढं आणि गळा चार एमएम. वर भलंमोठं डोकं, त्याला दुसरा आधार नाही. मी काय केलं? गळा चौदा एमएम केला आणि फाईल मशीनला दिली. कुणाला विचारलं नाही. बावीस वर्षांत मी किती मोरांच्या माना जाड केल्या असतील! एकाही मोराने तक्रार केली नाही.

"बाई, प्रेत म्हणजे मढं नव्हे," सर म्हणाले. आवाज चढला नव्हता, त्यानेच मला जास्त लागलं. "हा जन्मभर भुकेला जीव. पोट एवढं मोठं आणि गळा सुईच्या नेढ्याएवढा. अन्न समोर असतं, पण उतरत नाही. तुम्ही त्याला गळा दिलात. आता हा पोटभर जेवेल. मग हा प्रेत कसला?"

मी वरमले. "सॉरी सर. मला वाटलं, चित्र काढताना हात हलला असेल."

हे बोलायला नको होतं. सरांना काचबिंदू आहे. त्यांनी भिंग खिशात ठेवलं आणि म्हणाले, "डोळे गेले आहेत, हात नाही गेला. हे माझं शेवटचं चित्र, बाई. पुढच्या वर्षी रेघ दिसणार नाही. भन्त्यांनी सांगितलंय, परंपरेप्रमाणे असेल तरच दाराला लावू. नाहीतर साधं गेट लावतील."

वैशाखी पौर्णिमेला उद्घाटन. हातात पाच दिवस. मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं.

शेठ आले. मी सगळं खरं सांगून टाकलं. ते म्हणाले, "म्याडम, एवढा बारीक गला ठेवला तर गेट आपटल्यावर मुंडी खाली येल. गेट हाय तो, फोटो नाय."

दोघांचंही बरोबर होतं, हीच तर पंचाईत.

चहा आला. मी चित्र पुन्हा स्क्रीनवर मोठं केलं. आणि मग एक गोष्ट दिसली, जी मी इतके दिवस नुसती सजावट समजून कापत होते. प्रत्येक भागात कोपऱ्यात एक बुद्ध उभा होता.

"सर, हे सगळीकडे का आहेत?"

"प्रत्येक लोकात जातात ते. तिथल्यांना जे हवं ते घेऊन. प्रेतांसाठी अन्नाचं भांडं आणलंय, बघा."

"मग ते एवढ्या लांब का उभे? भांडं प्रेताच्या ओठाला टेकवलं तर चालेल?"

सरांनी मान वर केली. "का?"

"डोक्याचं वजन बुद्धांच्या हातावर येईल. हात जाड आहे, चौकटीला जोडलेला आहे. गळ्यावर काही भारच राहणार नाही."

सरांनी भिंग काढून स्क्रीनवरचा तो हात बघितला. मग त्यांनी भन्त्यांना फोन लावून हा बदल सांगितला. पलीकडून पहिला प्रश्न आला, "गळा?" सर म्हणाले, "बारीकच." पलीकडून होकार आला.

"पण बारीक गला मशीन जाळणार त्याचा काय?" शेठ म्हणाले. मग स्वतःच उठून रॅकमधून चार एमएमची सळई घेऊन आले. "गला कापूच नका. जागा मोकली सोडा. मी सवता वेल्डिंग मारतो." शेठने कित्येक वर्षांनी वेल्डिंगची काच तोंडावर धरली. दोन सळया वाया घालवल्या, तिसरी बसली. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

बाकीचे पाच भाग चांगले होते, प्रेताचा तेवढा नवा कापावा लागला. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी गेट कोनला बसवलं. शेठने ते तीनदा दणकून बंद केलं. डोकं हललं नाही. सर मात्र भिंतीला टेकून उभे होते, घामाघूम.

भन्ते आले. देवांपाशी थांबले, असुरांच्या झाडापाशी हसले. प्रेतासमोर किती वेळ उभे राहिले! शेवटी ते त्यांच्या मोडक्या मराठीत म्हणाले, "अजून भुकेला आहे. बरोबर आहे."

सर तिथल्या पायरीवर मटकन बसले आणि लहान मुलासारखे रडले. मीही डोळे पुसले, खोटं कशाला सांगू?

तेव्हापासून चित्रात एखादी रेघ कमकुवत दिसली की मी आधी फोन करते. बहुतेक वेळा ती चूकच असते. पण एखादी तशीच असायची असते.