पुरीत आलेला ताप

माझी मुलगी चौथीत माझ्याच वर्गात होती. शाळेत मी मॅडम, घरी आई, आणि या दोन बायकांची एकमेकींशी ओळख नाही असं आम्ही ठरवून टाकलं होतं.

आमची शाळा हिंदी माध्यमाची. वर्गात माझा एक नियम होता. दांडी मारून आलेल्याने उभं राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं कारण सांगायचं. आजारी असेल तर बसायचं. फिरायला गेला असेल तर तो तास उभ्यानेच काढायचा. एका मुलीने "मामा के यहाँ मेला देखने गए थे" असं खुशीत सांगितलं, तर तिलाही मी तास संपेपर्यंत उभं ठेवलं. या पालकांना सुट्ट्या कमी पडतात का, असं मी स्टाफरूममध्ये तावातावाने बोलत असे. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. फक्त माझी पाषाण व्हायची वेळ अजून आली नव्हती.

ती भर नोव्हेंबरात आली. नवरा बीरगांवजवळच्या कारखान्यात. भट्टी दुरुस्तीला बंद झाली की त्याला सुटी, एरवी दिवाळीलाही नाही. तीन वर्षं आम्ही कुठे गेलो नव्हतो. त्याने मला न विचारता पुरीची तिकिटं काढली.

"शाळेचं काय?" मी म्हटलं.

"पोट्टीचा अर्ज तूच देशील, मंजूर तूच करशील. काहून घाबरून राहिली?"

मी दोन अर्ज लिहिले. दोघींना ताप. माझा प्रिन्सिपलना दिला. मुलीचा वर्गशिक्षिकेच्या नावाने होता, म्हणून मीच वाचला आणि सही केली. अक्षर चांगलं होतं.

पुरीला चार दिवस इतके मजेत गेले की लग्नानंतर मी एवढी कधी हसले नव्हते. परतीच्या गाडीत मुलीने विचारलं, "क्लास में क्या बोलूँ?" तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत येतं.

"काही नको बोलू. मी तुले विचारणारच नाही."

सोमवारी हजेरी घेताना तिचं नाव वाचून मी भरकन पुढे गेले. तेवढ्यात मेळा पाहून आलेली तीच मुलगी म्हणाली, "मॅडम, इसको तो पूछा ही नहीं।"

मुद्दा बरोबर होता. सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. ही खरं बोलली तर हिला उभं ठेवावं लागेल, आणि मग मलाही प्रिन्सिपलसमोर उभं राहावं लागेल. मी विचारलं.

मुलगी उठली. उन्हाने तिच्या नाकाची सालं निघत होती. "बुखार था, मॅडम।" आवाज तिने घोगरा केला होता. "मम्मी को भी था।"

"बैठो," मी म्हटलं. सुटले बाई, असं वाटलं.

दुपारी स्कूटीवर ती मागे बसून गुणगुणत होती. मी म्हटलं, "असं बोलायला तुले कोणी शिकवलं?"

"आपने।"

"मी कधी शिकवलं?"

"उस लड़की ने सच बोला था ना," ती म्हणाली, "तो आपने पूरा पीरियड खड़ा रखा था।"

मला तिथेच गाडी थांबवून रडावंसं वाटलं. पण सदर बाजारात त्या वेळी गाडी थांबवता येत नाही.