किशनचंदची माशी

आमच्या इंजिनिअर कंपनीची बदली हिमाचलातल्या सीमेकडच्या खोऱ्यात झाली, तेव्हा मी लान्स नायक होतो. काम सरळ होतं. नाल्यावरचा पायपूल चालू ठेवायचा आणि पलीकडच्या पोस्टला रसद पोहोचवायची. मी नगर जिल्ह्यातल्या पारनेर तालुक्यातला. आमच्याकडे पाणी बघायचं तर विहिरीत वाकावं लागतं. तिथं ते बंकरच्या दारातूनच धावत होतं. त्या आवाजानं सुरुवातीला मला झोप यायची नाही.

माझा सेक्शन कमांडर नायक किशनचंद त्याच खोऱ्यातला. रविवारी वेपन क्लीनिंग उरकलं की तो ट्राउट पकडायला बसायचा. ट्राउट हा थंड पाण्यातला, महासंशयी मासा. किशनचंद गळाला गांडूळ लावत नसे, ते त्याला कमीपणाचं वाटे. गळावर पिसं आणि दोरा गुंडाळून तो खोटी मेफ्लाय, म्हणजे पाण्यावरची एक माशी, बांधायचा. खरी मेफ्लाय पाण्यातून वर येते. पंख उभे, मागे केसांसारख्या शेपट्या, आयुष्य जेमतेम दिवसाचं. तिच्या पोटासाठी तो मोरपिसातला एक तंतू घ्यायचा आणि नखानं त्याची लव खरवडायचा. आतून फिकट-गडद पट्टे निघत, हुबेहूब किड्याच्या पोटासारखे. मग रजेवरून परतताना मी शेतात गळालेली मोरपिसं ट्रंकेत घालून नेऊ लागलो. अख्खी कंपनी माझी खेचायची.

त्यानं मलाही शिकवलं. माझी पहिली माशी मी कात्रीनं चोख केली. शेपट्या एका मापात, मानेवरची पिसं रिक्रूटच्या हजामतीसारखी. ट्राउट वर आला, त्यानं पाहिलं आणि तो परत गेला.

"अरे नगर, ये परेड नहीं है," किशनचंद म्हणाला. "जिंदा चीज थोड़ी टेढ़ी होती है."

मला ते पटलं नाही. फौजेत वाकडं काही ठेवायची सवय नसते.

त्या पावसाळ्यात वर कुठंतरी ढग फुटला. पलीकडच्या पोस्टवर एका जवानाचं अपेंडिक्स फुटायला आलं होतं. त्याला आणायला किशनचंद पलीकडे गेला. दुपारी आम्ही वायरलेस सेटवर किशनचंदला विचारलं.

"पुल की हालत? ओव्हर."

"एक बार झेलेगा. स्ट्रेचर भेज रहा हूँ. ओव्हर."

स्ट्रेचर अलीकडे आलं. मागून किशनचंद निघाला. त्याच्या कमरेचा दोर माझ्या हातात होता. पाण्यातून आलेलं झाड पुलावर आदळलं आणि पूल गेला. दोर माझ्या बोटांवर आवळत गेला. मी सोडला नाही. तो कातळावर घासून तुटला.

स्ट्रेचरवरचा जवान वाचला. किशनचंद दुसऱ्या दिवशी खालच्या वळणावर सापडला. माझ्या उजव्या हाताची दोन बोटं तेव्हापासून वाकत नाहीत. त्यानंतर मी माशी बांधली नाही. पेन्शन घेऊन गावी आलो, ज्वारी आणि दोन म्हशी यांत रमलो.

गेल्या हिवाळ्यात किशनचंदच्या मुलीचा, आशाचा फोन आला. वडील गेले तेव्हा ती पाळण्यात होती. आता ती त्याच खोऱ्यात पाहुण्यांना मासेमारीला नेते.

"चाचाजी, पापा की एक भी मक्खी नहीं बची. आप बना देंगे? सीज़न की पहली मछली उसी से पकड़नी है."

मी हो म्हणालो आणि फोन ठेवल्यावर हाताकडे पाहिलं. तिला बापाची आठवण अशी उरलीच नव्हती, आणि ती माशी कशी होती हे माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं.

नगरहून छोटा वाइस आणला, त्यात गळ पकडला. पण पीस चिमटीत राहीना. बायको, सुमन, जवळ येऊन बसली.

"टोक म्या धरते, तुमी गुंडाळा. पर माझ्या कोंबड्याला बोडका करू नगा. लई मिजाशीचा हाय त्यो."

कोंबडा आठवडाभर आम्हाला पाहून पळत होता. ताठ बोटांचं काम वेडंवाकडं यायचं. मला लाज वाटली. मी कात्रीनं सगळं एका मापात आणलं आणि माश्या कुरिअर केल्या.

मार्चमध्ये हंगाम उघडला. आशाचा फोन आला. "आती है, देखती है, लौट जाती है."

तिचा आवाज पडला होता. माझं काळीज गलबललं. आणि पाठोपाठ मी मोठ्यानं हसलो.

"आता हसाया काय झालं?" सुमननं विचारलं.

"किशनचंद ओरडतोय मला. परेड न्हाई ही!"

पुन्हा बसलो. या वेळी कात्री सुमनकडे दिली आणि मागितली तरी देऊ नको म्हणून सांगितलं. दोनदा मागितली. दिली नाही तिनं. शेपट्या विस्कटलेल्या, एक पंख किंचित कलता, जशा हातून उतरल्या तशाच धाडल्या.

एका सकाळी धारा काढत असताना व्हिडिओ आला. माशी पाण्यावर डुलते आहे. खालून ट्राउट येतो आणि थांबतच नाही. आशा हसते आहे, रडते आहे. मासा हातात धरून ती त्याला पुन्हा पाण्यात सोडते. म्हैस खोळंबली होती, पण मी तो तीनदा पाहिला. माझेही डोळे भरले.

आता दर महिन्याला माश्या जातात. पाहुण्यांना सांगायला माशीला नाव हवं, असं आशा म्हणाली. मी रँकसकट सांगितलं. त्या नाल्यावर आता परकी माणसं डबी उघडतात आणि एकमेकांना म्हणतात, "आज नायक किशनचंद लावून बघू."